लेड झेपेलिनच्या टेपांचा माग

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे आठ स्टुडिओ अल्बम १९६९ ते १९७९ या काळात निघाले. नववा, 'कोडा', ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या मृत्यूनंतर बँड विसर्जित झाल्यावर, १९८२ साली आला. या नऊ अल्बमांच्या प्रकाशनाच्या तारखा कुठल्याही सूचीत मिळतात, आणि बहुतेक श्रोते तेवढ्यावर थांबतात. 'हे गाणे १९७५चे' असे सर्रास म्हटले जाते. पण ते गाणे १९७५ साली दुकानात आले एवढाच त्याचा अर्थ होतो. ते वाजवले गेले कुठे आणि केव्हा, हा वेगळा प्रश्न आहे.

पहिल्या अल्बममध्ये हा प्रश्न फारसा छळत नाही. १९६८च्या शरद ऋतूत, लंडनच्या बार्न्स भागातील ऑलिंपिक स्टुडिओत ग्लिन जॉन्स या इंजिनीअरच्या हाताखाली तो मुद्रित झाला. गिटारवादक आणि निर्माते जिमी पेज यांच्या सांगण्यानुसार स्टुडिओतले एकूण तास सुमारे छत्तीस. बँड नुकताच स्कँडिनेव्हियाचा दौरा करून आला होता, गाणी हातात बसलेली होती. एक जागा, एक हंगाम, एक इंजिनीअर. पुढे कुठल्याच अल्बमची नोंद इतकी सरळ राहिली नाही असे नाही, पण दुसऱ्याच अल्बमने घडी पार विस्कटली.

'लेड झेपेलिन टू' हा १९६९ साली अमेरिकेच्या दौऱ्यांच्या फटींमध्ये तयार झाला. लंडनमध्ये ऑलिंपिक आणि मॉर्गन, लॉस एंजेलिसला मिरर साउंड आणि मिस्टिक, न्यूयॉर्कला ए अँड आर आणि जगी साउंड, शिवाय कॅनडात व्हँकूव्हरचा एक अगदी साधा स्टुडिओ. टेपची रिळे बँडबरोबर प्रवास करत होती. एकाच गाण्याचा पाया एका शहरात, गायन दुसऱ्या शहरात आणि मिक्सिंग तिसऱ्या शहरात, असा प्रकार. अंतिम मिक्सिंग न्यूयॉर्कला एडी क्रेमर यांच्याबरोबर झाले. अशा गाण्याला एकच जागा आणि एकच तारीख लावणे हा चुकीचा हट्ट आहे. सूचीकाराने इथे किमान तीन रकाने ठेवायला हवेत: मूळ वादन, ओव्हरडब म्हणजे नंतर चढवलेले थर, आणि मिक्सिंग. बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत एकच रकाना असतो आणि त्यात तिन्ही गोष्टींची खिचडी असते.

पुरावा कशाला म्हणायचे, हेही इथेच ठरवावे लागते. सर्वांत भरवशाची असते ती टेपच्या खोक्यावरची चिठ्ठी. तिच्यावर दिनांक, स्टुडिओ, इंजिनीअर आणि कितवा टेक हे त्याच दिवशी, त्याच हाताने लिहिलेले असते. त्यानंतर स्टुडिओची बुकिंगची वही आणि बिले. मग दौऱ्याचे वेळापत्रक, कारण एका संध्याकाळी कार्यक्रमाला उभा असलेला बँड त्याच संध्याकाळी हजार मैलांवर टेपसमोर असू शकत नाही. वादकांच्या मुलाखती त्याच्या खाली येतात. त्या प्रामाणिक असतात, पण तीस वर्षांनी महिने एकमेकांत मिसळतात. अल्बमच्या कव्हरवरचा मजकूर बहुतेक वाचकांना सर्वांत अधिकृत वाटतो. वास्तविक तो प्रकाशकाचा दावा असतो आणि इतर दाव्यांसारखाच तपासावा लागतो.

तिसऱ्या अल्बमभोवतीचा गैरसमज काही केल्या जात नाही. १९७० साली पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट वेल्समधल्या ब्रॉन-अर-आउर नावाच्या जुन्या घरात जाऊन राहिले. वीज नाही, नळाचे पाणी नाही. तिथे गाणी सुचली, म्हणून अल्बमच तिथे मुद्रित झाला असे लोक ठामपणे सांगतात. वीज नसलेल्या घरात मल्टिट्रॅक यंत्र चालेल कसे, एवढा विचारही कोणी करत नाही. प्रत्यक्ष काम हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज आणि लंडनचे ऑलिंपिक व आयलंड स्टुडिओ येथे झाले. मिक्सिंगचा मोठा भाग मेंफिसच्या आर्डेंट स्टुडिओत टेरी मॅनिंग यांनी केला.

हेडली ग्रेंज ही १७९५ साली गोरगरिबांच्या आश्रयासाठी बांधलेली इमारत. चौथ्या अल्बमसाठी, १९७१च्या सुरुवातीला, तिच्या बाहेर रोलिंग स्टोन्सचा चालता स्टुडिओ उभा राहिला. हा एक ट्रक. टेपयंत्र आणि मिक्सर ट्रकमध्ये, वादक घरात, मध्ये लांबच लांब केबल. इंजिनीअर अँडी जॉन्स. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी बॉनम यांचा ड्रमसेट घराच्या उंच जिन्याच्या तळाशी मांडला आणि दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली रोखले. ड्रमच्या अगदी जवळ मायक्रोफोन लावण्याची नेहमीची पद्धत बाजूला ठेवली. त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर त्या जिन्याच्या भिंतीही टेपवर उतरल्या. त्यावर बिन्सन कंपनीच्या एको यंत्राचा परिणाम आणि भरपूर कम्प्रेशन. या एका गाण्यात ध्वनिमुद्रणाची जागा म्हणजे निव्वळ पत्ता नाही, तीही एक वाद्य आहे. म्हणून स्थळांची नोंद ही रिकामटेकड्यांची आवड आहे, हा आक्षेप टिकत नाही.

याच अल्बममधले 'स्टेअरवे टू हेवन' मात्र लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरील आयलंड स्टुडिओत मुद्रित झाले. शब्द बरेचसे हेडली ग्रेंजला लिहिले गेले, त्यामुळे चाहते त्या घराचे फोटो काढून खाली या गाण्याचे नाव लिहितात.

पाचवा अल्बम, 'हाउसेस ऑफ द होली', १९७२ साली मुख्यतः मिक जॅगर यांच्या स्टारग्रोव्ह्ज या घरात, तसेच ऑलिंपिकमध्ये झाला. गंमत अशी की या नावाचे गाणे त्या अल्बमवर नाही. ते १९७२ सालीच मुद्रित झाले आणि १९७५च्या 'फिजिकल ग्राफिटी'वर आले. 'फिजिकल ग्राफिटी' हा दोन तबकड्यांचा अल्बम प्रकाशनवर्ष किती फसवे असते याचा नमुनाच आहे. त्यातल्या पंधरा गाण्यांपैकी आठ गाण्यांचे काम हेडली ग्रेंजला रॉनी लेन यांच्या चालत्या स्टुडिओवर सुरू झाले. उरलेली सात तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अल्बमच्या वेळची शिल्लक. 'ब्लॅक कंट्री वूमन' स्टारग्रोव्ह्जच्या हिरवळीवर उघड्यावर मुद्रित झाले. सुरुवातीला वरून जाणाऱ्या विमानाचा आवाज येतो, इंजिनीअर त्याबद्दल विचारतो आणि प्लांट तो राहू द्यायला सांगतात. त्या काही सेकंदांनी जागेची साक्ष टेपवरच ठेवली आहे.

'प्रेझेन्स' १९७५च्या नोव्हेंबरात म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत, एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात झाला. ऱ्होड्स बेटावरच्या मोटार अपघातातून प्लांट अजून सावरले नव्हते, आणि या कामानंतर स्टुडिओ रोलिंग स्टोन्ससाठी राखून ठेवलेला होता. 'इन थ्रू द आउट डोअर' १९७८च्या अखेरीस स्टॉकहोमला, आबा या गटाच्या पोलर स्टुडिओत. या दोन्हींबद्दल वाद नाही.

खरा वाद 'कोडा'चा, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. त्यातले पहिलेच गाणे 'वी आर गॉना ग्रूव्ह'. मूळ कव्हर सांगते: मॉर्गन स्टुडिओ, जून १९६९. प्रत्यक्षात हे वादन लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील ९ जानेवारी १९७०च्या जाहीर कार्यक्रमातले आहे. टेपवरून प्रेक्षकांचा आवाज काढला आणि गिटारचे नवे थर चढवले. त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले होते, आणि २००३ साली ते डीव्हीडीवर अधिकृतपणे आल्यावर दोन्हींची तुलना कोणालाही करता आली. पद्धत सोपी आहे. दोन्ही मुद्रणे एकाच क्षणी सुरू करायची, एक डाव्या कानात, एक उजव्या. टेपच्या गतीतला किरकोळ फरक आधी दुरुस्त करून घ्यायचा. माणसाने दोनदा वाजवलेले गाणे काही ओळींतच एकमेकांपासून सरकू लागते; लय क्षणभर पुढे जाते, क्षणभर मागे राहते. बॉनम यांच्यासारखा वादक तर तोच तुकडा दुसऱ्यांदा जसाच्या तसा त्याच जागी टाकत नाही. इथे ड्रमचे ठोके आणि गायनातले श्वास जुळत राहतात. म्हणजे वादन एकच. कव्हर चुकीचे आहे. तरीही ती जूनची तारीख पुस्तकांतून पुस्तकांत उतरवली जाते, कारण छापलेले खोटे असेल यावर वाचकाचा विश्वास बसत नाही, आणि उतरवून घेणाऱ्याला ऐकण्याचे कष्ट नको असतात.

ध्वनिमुद्रणाच्या ठिकाणांच्या या यादीत मुंबईही आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट यांनी ईएमआयच्या इथल्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' नव्याने मुद्रित केली. दुसऱ्या गाण्यात पाच आणि सहा मात्रांची अदलाबदल आहे, तबल्याच्या साथीला ते फार जवळचे. ही मुद्रणे वर्षानुवर्षे चोरट्या टेपांवरून फिरत राहिली आणि त्या टेपांना मूळ खोके नव्हते, चिठ्ठी नव्हती. जुनी पुस्तके मार्च १९७२ म्हणतात. फेब्रुवारीत बँड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता, त्यामुळे परतीच्या वाटेवर मुंबई हे पटण्यासारखे होते. पण ऑक्टोबरात बँड जपानला होता आणि तिथून परततानाही मुंबई वाटेवरच. २०१५ साली पेज यांच्या देखरेखीखाली 'कोडा'ची वाढीव आवृत्ती निघाली. तिच्यात ही दोन्ही गाणी आली आणि तारीख ऑक्टोबर १९७२ची दिली गेली. मूळ संग्रहातून आलेली ही नोंद मार्चपेक्षा वजनदार ठरते. तरी 'कोडा'च्याच पहिल्या कव्हरने शिकवलेली सावधगिरी इथेही पाळायला हवी, आणि दुसरा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत नोंदीत दोन्ही महिने ठेवावेत.

गाण्यांच्या नावापुढे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढेच छापले आहे. त्या दिवशी वाजवणारे वादक फिल्मी ध्वनिमुद्रणांतले असोत वा मैफलीतले, त्यांची डायरी, मानधनाची पावती किंवा मागे तारीख घातलेला एखादा फोटो मुंबई-पुण्यातल्या कुणाच्या घरी असेल, तर तो रद्दीत टाकू नये. त्याची प्रत काढून ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकांपर्यंत पोहोचवावी. मार्च की ऑक्टोबर, याचा निकाल त्या एका कागदाने लागेल, आणि वादकांची नावेही सूचीत येतील.