आडनाव आणि आजोळ

वर्गात हजेरी घेणे हे आमच्या व्यवसायातले सर्वांत कंटाळवाणे काम समजले जाते. मला ते मनापासून आवडते. जुलै महिन्यातली सकाळ असावी, महाडचा तो प्रसिद्ध पाऊस कौलांवर कोसळत असावा, निम्मा वर्ग ओला आणि निम्मा गैरहजर असावा, आणि आपण सावकाश एकेक नाव वाचत जावे. जाधव, पवार, मोरे, कदम, पुन्हा जाधव, पुन्हा दोन मोरे. भजनाच्या ठेक्यासारखी ही नावे चालू राहतात. आणि मध्येच एखादे असे येते की जीभ अडखळते. तास संपला की मी कचेरीत जाऊन त्या मुलाच्या प्रवेश-अर्जावरचा पत्ता पाहतो. तो बहुधा पोलादपूरकडच्या एखाद्या खोऱ्यातला असतो. पाच मोऱ्यांचे पत्ते पाहिले तर पाच गावे निघतात. दुर्मिळ आडनावाची दोन मुले मात्र सात-आठ वर्षांच्या अंतराने आली तरी त्यांची वाडी एकच निघते.

आमच्या भागात आडनावांचा पसारा मोठा. काही हुद्द्यांची आहेत. १६६५ साली पुरंदर लढवता लढवता पडलेला मुरारबाजी हा महाडकडचा देशपांडे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली जन्मले ते रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावी. पण जिथे वतन तिथे देशमुख, त्यामुळे वऱ्हाडातल्या देशमुखांचा नात्याच्या देशमुखांशी काडीचाही संबंध असण्याचे कारण नाही. दुसरी 'कर' लावणारी. या 'कर' प्रत्ययाची मोठी मौज आहे. महाडात राहणाऱ्याला महाडकर कोण म्हणणार? तिथे सगळेच महाडचे. तो घाट चढून वर गेला, किंवा पोट भरायला मुंबईस गेला, म्हणजे तिथले लोक त्याला महाडकर म्हणू लागतात. 'कर' हा एका परीने गाव सोडल्याचा दाखलाच आहे.

असाच एक 'कर' जगाला ठाऊक झाला. सावित्रीच्या पलीकडे मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे गाव आहे. घराणे सकपाळांचे, गावावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर नावाच्या एका शिक्षकांनी मायेपोटी आपले आडनाव या विद्यार्थ्याला दिले, असे बाबासाहेबांच्या चरित्रात सांगितले आहे. ते आडनाव घेऊन ते महाडला आले आणि २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या परिषदेच्या उभारणीसाठी ज्यांनी रान उठवले ते महाड तालुक्यातले रामचंद्र बाबाजी मोरे. आणि १६५६ साली शिवाजी महाराजांनी ज्यांच्याकडून जावळी घेतली तेही मोरेच, चंद्रराव मोरे. एका आडनावाखाली जावळीचा धनी आणि ज्याला तळ्याचे पाणी नाकारले तो माणूस, दोघेही मावतात. म्हणून तर आपल्याकडे आडनाव ऐकून घेतल्यावरही 'कुठले मोरे?' असा दुसरा प्रश्न येतो. त्या दुसऱ्या प्रश्नाचा मला मनस्वी तिटकारा आहे. पण तो यायचा म्हणजे आधी आडनाव दांडगे, हजारो घरांचे असावे लागते. दुर्मिळ आडनावाला ही सोय नाही. ते उच्चारले की गाव, वाडी, भावकी, सगळे एकदम उघड्यावर येते.

माझ्या आईचे माहेरचे आडनाव असे आहे. ते मी इथे छापीत नाही. छापले तर ते नाव न राहता एका घराचा पत्ता होईल. आणि त्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्याला, म्हणजे माझ्या मामांना, आगंतुक पाहुण्यांचा फार कंटाळा आहे.

मामांना विचारले तर ते आडनावाची उत्पत्ती झोकात सांगतात. मूळ पुरुष महाराजांच्या बरोबर होता, त्याने अमुक पराक्रम केला, त्यावरून हे नाव पडले. आमच्या खोऱ्यांतून प्रत्येक आडनावाची कथा अशीच आहे. त्या सगळ्या खऱ्या मानल्या तर सिंहगडावर त्या रात्री उभे राहायला जागा उरली नसती. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मामांची समजूत अशी की मी व्युत्पत्तिकोशात पाहून या कथेवर शिक्कामोर्तब करावे. मी ते टाळतो. आडनाव फोडून त्यातून झाड, भांडे, हत्यार किंवा पराक्रम काढणे हा आपल्याकडे जुना उद्योग आहे, आणि त्यात नाव फोडणाऱ्याची कल्पकता जितकी दिसते तितका आडनावाचा इतिहास दिसत नाही. दुर्मिळ आडनावाबद्दल विचारण्यासारखा प्रश्न 'याचा अर्थ काय' हा नसून 'हे कुठे कुठे गेले' हा आहे.

मालुसरे हे आडनाव घ्या. तानाजीमुळे ते महाराष्ट्रातल्या पोराटोरांना पाठ आहे. पण ते लावणारा माणूस आपल्या ओळखीत किती जणांना आहे? तानाजीचे मूळ गाव जावळीकडचे गोडवली. पोरवयात तो पोलादपूरजवळच्या उमरठला आला, ते मामाचे, शेलारांचे गाव, असे सांगतात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तो सिंहगडावर पडला. घरी मुलाचे, रायबाचे, लग्न निघालेले होते हे सर्वांना माहीत आहे. पुढे महाराजांनी रायबाला पारगडची किल्लेदारी दिली. हा पारगड कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला, चंदगड तालुक्यात, गोव्याच्या सीमेवर आहे, आणि गडावर आजही मालुसऱ्यांची घरे आहेत. एक ठिपका उमरठच्या आसपास, दुसरा थेट गोव्याच्या हद्दीवर, आणि मध्ये सारा सह्याद्री. पुढे चाकरमान्यांनी तिसरा ठिपका मुंबईत उमटवला. दुर्मिळ आडनावाचा नकाशा बहुधा असाच असतो. शाई सांडल्यासारखे ते सगळीकडे पसरत नाही. कुणी एक माणूस हुकूम घेऊन किंवा भाकरी बांधून निघतो, आणि तो जिथे टेकतो तिथे दुसरा ठिपका पडतो.

पण जे नाव एका जागी राहिले, ते त्या जागेच्या दैवाशी बांधले गेले. २२ जुलै २०२१ च्या त्या दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. दरडीखाली जी वाडी गेली तिचे नाव कोंढाळकरवाडी. गावावरून माणसाला 'कर' लागला, आणि त्या माणसांची घरे वाढली तेव्हा माणसांवरून वाडीला नाव मिळाले, असा हा उलटसुलट प्रवास. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत कोंढाळकर हे आडनाव वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा छापले जात होते, आणि ज्यांनी ते पूर्वी कधी ऐकलेही नव्हते अशा लोकांच्या तोंडी ते झाले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. मोरे किंवा जाधव या नावावर असा डोंगर कोसळू शकत नाही. ती नावे साऱ्या मुलखात विखुरलेली आहेत. भावकीने एका उतारावर घरे बांधली ती एकमेकांच्या आधारासाठी. त्या आधारात हेही होते.

मामांच्या आडनावावर दरड आली नाही. ते साध्या हिशेबाने संपते आहे. तिघे भाऊ. थोरले मुंबईस गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर परत आले आणि बिनलग्नाचेच गेले. मधल्यांना मूलबाळ नाही. धाकट्यांना, म्हणजे या मामांना, चार मुली. चौघी नांदत्या आहेत, एक तर पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. सात नातवंडे आहेत, आणि त्या सातांत मामांचे आडनाव लावणारे एकही नाही.

इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन नावाच्या गृहस्थांना हीच काळजी पडली होती. मात्र ती तिथल्या बड्या घराण्यांची. १८७३ साली त्यांनी एका शैक्षणिक नियतकालिकात हे कोडे घातले: प्रत्येक पुरुषाला अमुक प्रमाणात मुलगे होतात असे धरले, तर किती पिढ्यांत किती आडनावे नाहीशी होतील? हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्याने ते सोडवायला घेतले आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून निबंध लिहिला. वॉटसनच्या उत्तरात पुढच्यांनी दुरुस्ती केली. ती अशी की दर पुरुषामागे सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगा असेल तर नाव आज ना उद्या बुडणारच. सरासरी एकाहून जास्त असेल तर तगण्याची आशा आहे, खात्री नाही. शंभर घरांच्या आडनावात दहा घरे निपुत्रिक राहिली तर उरलेली नव्वद ती तूट भरून काढतात. तीन भावांच्या आडनावाला तेवढी सवड नसते. मी हे मामांना समजावून सांगितले. त्यांनी तंबाखू मळत शांतपणे ऐकले आणि विचारले, "ह्या हिशेबात पोरी कुठं धरल्यात?"

कुठेच नाही. गणितातही नाही आणि आपल्या रिवाजातही नाही. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. आडनावाबरोबर पहिले नावही गेले. माहेरचे दोन्ही शब्द शाळेच्या चौथीच्या दाखल्यावर आहेत, आणि दुसरीकडे कुठेही नाहीत.

सगळ्या जगात असे नाही. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावे असतात, एक बापाचे आणि एक आईचे. आणि बाई लग्नानंतर आपली आडनावे बदलीत नाही. तिथली सरकारी सांख्यिकी संस्था कोणते आडनाव कोणत्या प्रांतात किती जणांचे आहे हेही मोजून ठेवते. आपल्याकडे मतदारयाद्या चाळीत बसावे लागते. १८८१ साली मालागा गावी जन्मलेल्या एका मुलाचा बाप रुईझ आणि आई पिकासो. रुईझ म्हणजे तिकडचे जाधव-पवारच. पिकासो हे तिथे क्वचित ऐकू येणारे, मुळात इटलीतल्या जिनोव्हाकडचे. पोरगा चित्रे काढू लागला तेव्हा आधी दोन्ही आडनावांनी सही करी. विशीत बापाचे गाळून त्याने आईचे तेवढे ठेवले. कवी लोर्का यांचेही तसेच. बापाचे आडनाव गार्सिया, म्हणजे स्पेनमधले सर्वांत जास्त लोकांचे; तेव्हा लोकांनी आपण होऊन त्यांना आईच्या आडनावाने हाक मारली. अर्थात तिथेही तिसऱ्या पिढीला आजीचे नाव गळते, कारण पुढे जाते ते दोघांचेही पहिले, म्हणजे बापाकडचे. १९९९ च्या कायद्याने आईचे आडनाव आधी लावण्याची मोकळीक आईबापांना मिळाली.

हे वाचून 'परदेशी थेर' म्हणणाऱ्यांनी आपले सातवाहन आठवावेत. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, ते राजे आईच्या नावाने स्वतःला ओळखवीत आणि ते दगडात कोरून ठेवीत. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे आवश्यक केले. पाऊल चांगले आहे. पण मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा तो क्रम. आडनाव एकच, आणि ते बहुधा बापाकडचे. आईचे नाव आत आले, आईचे माहेर दाराबाहेरच राहिले.

नाही म्हणायला, एका माहेराला मराठी माणसाने बाहेर ठेवलेले नाही. तानाजीच्या मागे गडावर जो म्हातारा होता त्याचे पाळण्यातले नाव किती जणांना सांगता येईल? आपण त्याला शेलारमामा म्हणतो. सारा महाराष्ट्र गेली कित्येक पिढ्या एका परक्या घरच्या माणसाला 'मामा' म्हणतो आहे, आणि त्या दोन शब्दांत तानाजीच्या आईचे आडनाव शाबूत राहिले आहे. ज्या गावाने मालुसऱ्यांना ठाव दिला ते गाव आईकडचे, ही गोष्टही त्याच दोन शब्दांत आहे. उमरठला भाच्याची आणि मामाची, दोघांच्याही समाध्या आहेत.

मामांच्या शेताच्या सातबाऱ्यावर पुढे-मागे चार मुलींची नावे लागतील, चार वेगवेगळ्या आडनावांसकट. कायद्याने ते हक्काचे आहे आणि मामांची त्याला काडीइतकीही हरकत नाही. उलट, आपण होतो तोवर वाटण्या करून टाका म्हणून तेच मुलींच्या मागे लागतात. यंदा गणपतीत गेलो तर घराच्या चौकटीवर नवीकोरी पाटी दिसली. आडनाव ठळक, खाली वाडीचे नाव, त्याखाली तालुका पोलादपूर. वाडीत घरे सहा, त्यांतली तीन कुलूपबंद. पोस्टमन मामांना अंधारातही ओळखतो. मी म्हटले, "मामा, पाटी कशाला? इथे कोणाला माहीत नाही?"

"मी हाय तवर सगळ्यांना म्हाईत," मामा म्हणाले. "पाटी नंतरची हाय."

मग आत जाऊन त्यांनी रंगाऱ्याची तक्रार सुरू केली. पोलादपूरचा तो रंगारी अक्षरागणिक पैसे घेतो, काना-मात्रेचे वेगळे लावतो. आणि आमचे आडनाव, मेले, लांबलचक.