उंचावरची कडी

आमच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं पाच ते सहा म्हणजे स्वयंपाकघरात नुसती धांदल. कुकर, मिक्सर, ताटवाट्या, वर आम्हा तिघी बायकांचं एकदम बोलणं. नेमका त्याच वेळी माझा पाच वर्षांचा नातू घराबाहेर पडायचा. पायात चप्पल नाही, हाक मारली तरी मागं बघणं नाही.

त्याला स्वमग्नता आहे. विचारलं तर स्वतःचं नावही सांगत नाही. एकदा सापडला तो दोन गल्ल्या पलीकडच्या विहिरीपाशी, कठड्यावर पोट टेकून आत बघत. त्या संध्याकाळी मी सुनेला नको ते बोलले. "एक पोर सांभाळता येत नाही?" (दाराला कडी मीच घातली नव्हती. हे कबूल करायला मला आठवडा लागला.)

ती गप्पच राहिली. थेरपीच्या बाईंनी सांगितल्यावरून वही लिहू लागली: कधी निघाला, आधी काय चाललं होतं, कुठं सापडला. महिन्याभरानं वही पुढं ठेवून म्हणाली, "आई, बघा. बहुतेक वेळा मिक्सर चालू असताना. त्याला पळायचं नसतं हो, त्या आवाजातनं सुटायचं असतं." आणि सापडायचा तो पाण्यापाशी.

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाराशेवर स्वमग्न मुलांच्या घरी विचारलं होतं. जवळजवळ निम्म्या मुलांनी चार वर्षांची झाल्यावर एकदा तरी असं निघून जायचा प्रयत्न केलेला. मग सुनेचंच काय चुकलं होतं?

आता वाटणघाटण सकाळीच होतं. कडी उंचावर बसवली, दाराला घुंगरू बांधलं, सदऱ्याच्या आत फोन नंबर शिवला. सगळ्यात जड गेलं ते बसदीत बायकांना सांगणं. घरातलं झाकून ठेवायची आपली सवय! पण सांगितलं, "हा एकटा दिसला तर मागनं ओरडत धावू नका, जास्तच पळतो. हात धरून थांबवा, मग मला फोन करा. आणि घरी नाही असं कळलं तर आधी विहिरीकडं जा." एकीनं तिथंच नंबर लिहून घेतला.

साडेचारला तो नळाचं चित्र असलेलं कार्ड माझ्या हातात आणून देतो. सुनेनंच शिकवलं. मी गॅस बंद करते. अंगणात घागरीच्या तोंडाला गाळण्याचं फडकं बांधते, तांब्यानं पाणी ओतते, आणि फडक्यातनं आत गळणारी धार ऐकत तो माझ्या मांडीला टेकून बसतो. मी शेजारी हलत नाही.

रात्री निजताना मात्र कडी दोनदा बघते.