गोडी आणि नाद

माधव नगर, उज्जैन

चि. मनू,


काल फोनवर म्हणालीस, "आत्या, पळाले नाही की मी कुणीच नाही असं वाटतं." तेव्हापासून ते वाक्य कानातून जात नाही. नडगीचं हाड दुखावलंय, डॉक्टरांनी सहा आठवडे पळायचं नाही म्हणून सांगितलंय आणि तू चौथ्या दिवशी पहाटे बूट चढवून बाहेर पडलीस. मी रागावले नाही गं, घाबरले.

सातवीत असताना कोठी रोडवर तू पहिल्यांदा पळालीस. गाल लालबुंद करून घरी आलीस नि पोहे दोनदा मागून घेतलेस. तेव्हा मनगटावर किलोमीटर मोजणारं घड्याळ नव्हतं.

आपल्याकडे एखाद्या गोष्टीची गोडी लागते आणि नादही लागतो. माँट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी २००३ साली हाच फरक अभ्यासून मांडला. गोडी असते तेव्हा माणूस मनापासून करतो आणि थांबायची वेळ आली की थांबतोही. नाद लागतो तेव्हा आपली किंमत त्या गोष्टीला टांगलेली असते. ती नसली की अपराधी वाटतं, जीव कशात रमत नाही. त्यांनी क्युबेकचे सायकलस्वार पाहिले. तिथल्या हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यांवरही सायकल दामटणाऱ्यांत हा नाद जास्त आढळला. वाचताना मला तुझी नडगी आठवली.

माझंही तेच झालं होतं. सतारीच्या परीक्षेत नापास झाले आणि अकरा वर्षं वाद्यावरची गवसणी काढली नाही. सतार कुठे चुकली होती? मी वाजवत होते ते निकालासाठी. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तारा जुळवल्या. आता संध्याकाळचा तासभर रियाज असतो. एखाद्या दिवशी पाहुणे आले आणि राहिला, तरी रात्री झोप लागते.

आणि गोडीचं म्हणशील तर आपले पुरातत्त्वज्ञ हरिभाऊ वाकणकर! त्यांचं भारती कला भवन इथंच, माधव नगरात. १९५७ साली भोपाळकडे जाताना आगगाडीतून त्यांना विचित्र आकाराचे खडक दिसले आणि ते तिकडे वळले. तेच भीमबेटका, २००३ मध्ये जागतिक वारसास्थळ झालं. रानोमाळ भटकून त्यांनी गुहाचित्रांच्या नकला हातानं उतरवल्या. मला मात्र त्या शोधापेक्षा त्यांच्या गोडीचा पसारा जास्त मोलाचा वाटतो. चित्रं, नाणी, शिलालेख, उत्खनन, शिवाय मुलांना चित्रकला शिकवणं. एक दार बंद झालं तर बसायला दुसरी ओसरी होती. १९८८ मध्ये सिंगापूरच्या हॉटेलात ते गेले, तेव्हाही चित्रच काढत होते.

तुझं पळणं सुटावं असं मला मुळीच वाटत नाही. पण या सहा आठवड्यांत पळण्याशिवायची मनूही घरात वावरू दे. तू पेटी छान वाजवायचीस. ती इथे माळ्यावर आहे. भाता फाटला होता, परवाच दुरुस्त करून आणलाय.

दिवाळीला ये. हाड जुळलेलं असेल तर पहाटे कोठी रोडवर जाऊ. मी चालेन, तू पळ. घड्याळ मात्र उशीखाली ठेवून निघायचं. परतल्यावर पोहे आहेतच.

तुझी,
आत्या