समासातले ‘संदर्भ?’

मेहकरला एम. ए.च्या वर्गावर लोकसाहित्य शिकवीत असताना एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात वाक्य आढळले : “ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घातला की कीड लागत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे.” सवयीने मी समासात तांबड्या शाईने लिहिले, “संदर्भ?” ती म्हणाली, “सर, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला कसला संदर्भ?” मला उत्तर सुचले नाही.

याच प्रश्नावर म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात दहा वर्षे वाद चालला होता. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९४ साली डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना मिळाले. वंदना शिवा, माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९५ मध्ये त्याला हरकत घेतली. पेटंटसाठी गोष्ट नुसती नवी असून भागत नाही. त्या विषयातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचण्याजोगीही असता कामा नये. आणि हे ‘सहज’ अर्जाच्या तारखेपूर्वीचे म्हणून सिद्ध करावे लागते. (उलगडून सांगितल्यावर कोणतीही प्रतिमा उघडच वाटते, हे कविता शिकवणाऱ्यांना निराळे सांगायला नको.)

तिथे परंपरेचा नुसता हवाला पुरण्याजोगा नव्हता. कणगीतला पाला आणि द्रावकाने काढलेले तेल यांत अंतर आहे, हे आपणही मान्य केले पाहिजे. त्या अंतरात उभे राहिले अभय फडके हे भारतीय कारखानदार. तशाच अर्काच्या चाचण्या १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे व सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर झाल्या होत्या. साल होते, जिल्हा होता, सांगणारा माणूस होता. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. त्यावरचे अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. शतकानुशतकांच्या वहिवाटीपेक्षा दोन उन्हाळे जड भरले, याचे मला समाधान वाटते आणि रागही येतो.

पुढच्या आठवड्यात ती विद्यार्थिनी आजीला विचारून आली. पाला घालायला कुणी शिकवले? सासूने. कधी? “तुहा बाप रांगत होता तवा, दुष्काळात.” रिकाम्या वर्गात बसून आम्ही दोघांनी हिशेब मांडला. १९७२. तिने ते साल माझ्या प्रश्नचिन्हाशेजारी निळ्या शाईने लिहिले, आणि खाली आजीचे नाव व गाव.