कळसूबाईच्या वाटेवर एकटी

बारी गावातून पहाटे एकटीच निघाले. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. वर चढत गेले तसा कातळ उभा होत गेला. लोखंडी शिड्या सोडल्या तरी काही ठिकाणी दोन्ही हात टेकावे लागले. दगडात रात्रीचा गारवा अजून होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड तळव्याखाली आला आणि मनातली तातडीची कामं मागे पडली. भीती मात्र राहिली. ती जावी असं का वाटलं नाही, ते अजून उमगलेलं नाही.

माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ, समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, खाली भंडारदरा धरणाचं पाणी. एकदा तरी असं एकट्यानं चढून पाहा. मात्र घरी सांगून, आणि पाऊस नसताना.