काशीदची पांढरी वाळू

पनवेलकरांना खारे पाणी नवीन नाही. आपले गाव एके काळचे बंदर. पण खाडी वेगळी आणि उघडा समुद्र वेगळा. पनवेलपासून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर, अलिबाग आणि मुरूडच्या मधोमध, काळ्या खडकांच्या किनाऱ्यात पांढऱ्या वाळूचा एक लांब पट्टा आहे. त्याचे नाव काशीद. शनिवार-रविवारी तिथे घोडे, गाड्या आणि गर्दी असते. जानेवारीतील एका मंगळवारी शाळेला स्थानिक सुट्टी मिळाली आणि आम्ही पाच जण निघालो. आम्ही दोघे, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि सत्तरीच्या अम्मी.

घरात हा विषय सोपा नव्हता. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी आमच्या शिक्षकांच्या खोलीत आली तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नव्हते. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि आईबापांची मनेही. अम्मींची भीती त्याहून जुनी. त्यांचे माहेर रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अम्मींचा जन्म त्यानंतरचा, पण ती गोष्ट ऐकतच त्या वाढल्या. “दर्या बघायचा, त्यात जायचं नाही,” हे त्यांचे वाक्य आमच्या मुलांनाही पाठ आहे.

फजरनंतर लगेच गाडी काढली. कर्नाळ्याचा सुळका अंधारातच मागे पडला. पेणच्या शेतांवर धुके इतके दाट होते की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. वडखळहून अलिबाग रस्त्याला वळलो, कार्लेखिंड ओलांडली आणि अलिबागच्या पुढे नारळी-सुपारीच्या वाड्या सुरू झाल्या.

वाटेत चौल लागते. आज शांत दिसणारे हे गाव हजार वर्षांपूर्वी मोठे बंदर होते. अरब लेखक त्याला सैमूर म्हणत. बगदादचा प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ च्या, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास इथे आला. इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने ‘मुरूजुज्जहब’ या ग्रंथात नोंदवले. काही सीराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथल्याच मातीत जन्मलेले. मुलाने लगेच विचारले, “म्हणजे आपण इथले की तिकडचे?” मसऊदीच्या काळातच इथे जन्मलेली पिढी होती, हेच त्याचे उत्तर.

रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिका खाडी ओलांडली की किनाऱ्याचे रूप बदलते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळा कातळ आणि त्यावर आदळणारे पाणी. कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे अजून पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात. इथून पुढचा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा. १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले. काशीदमागचे फणसाडचे जंगल नवाबांची शिकारीची जागा होती. १९८६ पासून ते अभयारण्य आहे आणि तिथे शेकरू दिसते.

नऊच्या सुमारास काशीदला पोहोचलो. सुरूच्या झाडांतून गार वारा येत होता. अम्मींनी शाल डोक्यावरून घट्ट ओढली. समोर पांढरीशुभ्र वाळू आणि त्यावर फक्त एक कुत्रा. दुकाने अजून उघडायची होती.

सगळा डोंगर काळा, मग वाळू पांढरी कशी? मुलीने डब्यातल्या कांद्याचा सिरका वाळूच्या चिमटीवर टाकला. बारीक बुडबुडे फसफसले. खडूवर टाकले तरी असेच होते. या वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला आहे. कातळ ज्वालामुखीच्या लाव्हाचा, काही कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पांढरेपणा समुद्रातील जिवांच्या कवचांचा. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावरही, गोठवणाऱ्या वाऱ्यात आणि कठीण खडकांत, लस्केंटायरची अशीच पांढरी वाळू आहे. तिथेही ती शिंपल्यांचीच देणगी.

आता पाण्याचा प्रश्न. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपल्या घरात चांदची तारीख असतेच. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, भरतीची साधारण वेळ मिळते. चांदच्या तारखेत एक मिळवला की बहुधा तिथी येते. चौदाव्या चांदला पौर्णिमा असते ती त्यामुळेच. पंधराच्या पुढे गेले तर पंधरा वजा करायचे. त्या दिवशी चांदची २१ होती. मुलीने वाळूवर बोटाने मांडले: २२ वजा १५ म्हणजे ७, तीन पट २१, भागिले ४, म्हणजे सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरती, त्यानंतर सहा तासांनी, साडेअकराच्या आसपास, पूर्ण ओहोटी.

म्हणजे नऊ वाजता पाणी उतरत होते. उतरते पाणी माणसाला आत ओढते. त्यामुळे साडेअकरापर्यंत कोणीही पाण्यात जाणार नाही, हे मुलीनेच जाहीर केले. शहाळी विकायला आलेल्या मावशींना विचारले. “बरोबर आहे पोरीचं,” त्या म्हणाल्या, “आणि घोट्याच्या वर जाऊ नका. पुढे वाळू एकदम खाली जाते.” तोवर आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली, शिंपले वेचले.

बाराला पाणी चढू लागले. मुलीने अम्मींपुढे हात केला. अम्मी तिच्याकडे नाही, वाळूवरच्या त्या आकड्यांकडे पाहत होत्या. मग चप्पल काढून उठल्या. घोट्यापर्यंतच्या पाण्यात नातीचा हात धरून त्या चार-पाच मिनिटे उभ्या राहिल्या. “थंड आहे,” एवढेच म्हणाल्या. जुहरची नमाज सुरूच्या सावलीत झाली आणि तीनच्या आत आम्ही परत निघालो.

वाचकहो, जायचे असेल तर आडवारी, सकाळी जा. वरचा हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून छापील वेळापत्रक पाहा आणि स्थानिक कोळ्यांना विचारा. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका. पाण्याने ओढलेच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका. अंग सैल सोडून तरंगा आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर या. मुलांना समुद्रापासून आयुष्यभर दूर ठेवता येणार नाही. उद्या ती मित्रांबरोबर जातील, तेव्हा आपण सोबत नसू. हा हिशेब मात्र त्यांच्यासोबत असू शकतो.