सहापैकी एक

आमच्या नातीला इतिहास आवडत नाही. आणि तिची आजी पस्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

२०२५च्या फेब्रुवारीत मी लेकीकडे न्यू जर्सीला गेले. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, हिची मे महिन्यात जगाच्या इतिहासाची परीक्षा आहे. तू आहेसच, तर घे ना जरा अभ्यास." मला काय, आनंदच झाला. परदेशात म्हाताऱ्या माणसाला भाजी निवडण्यापलीकडे काही काम मिळालं की बरं वाटतं.

तर ही परीक्षा म्हणजे एपी वर्ल्ड हिस्टरी. कॉलेज बोर्ड नावाची संस्था घेते. मुलं शाळेतच असतात, पण विषय कॉलेजच्या दर्जाचा. गुण एक ते पाच. चांगले मिळाले तर पुष्कळ कॉलेजं तो विषय झाला असं धरतात. अभ्यासक्रम इ.स. १२००पासून आजपर्यंतचा. पूर्वी तो पार शेतीच्या सुरुवातीपासून होता, पण फार मोठा होतो म्हणून २०१९पासून कापला. म्हणजे अशोक नाही, रोम नाही. आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते, तिथून यांचं जग सुरू!

मी आपली जुन्या सवयीने म्हटलं, "चला, सनावळ्या पाठ करू." नात हसली. तिने नमुन्याची प्रश्नपत्रिका काढली. ५५ मिनिटांत ५५ पर्याय असलेले प्रश्न. मग ४० मिनिटांत तीन छोटी उत्तरं. मग एक तासाचा एक प्रश्न, त्यात सात कागद पुढे ठेवतात... कुणाचं पत्र, कुणाचं प्रवासवर्णन, एखादं चित्र. ते वाचून स्वतःचं म्हणणं मांडायचं. शेवटी ४० मिनिटांचा निबंध. सगळं संगणकावर. 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' यांत माझा जन्म गेला. कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, त्यात त्याचा काय स्वार्थ होता, हे सांगायला वेगळा गुण असतो हे मला नवीनच होतं.

आता खरं सांगते. मी आधी त्या अभ्यासक्रमात शिवाजी महाराज शोधले. तुम्हीही तेच केलं असतं. आमच्याकडे चौथीचं अख्खं पुस्तक महाराजांचं. इथे १४५० ते १७५० या काळात 'राज्यसत्तेला आव्हानं' असा एक मुद्दा, त्याखाली सहा उदाहरणांची यादी, आणि त्यातलं एक, 'मराठ्यांचा मोगलांशी संघर्ष'. बस्स. तेही उदाहरणादाखल. शिक्षकाने शिकवलंच पाहिजे असं नाही. नातीच्या वर्गात शिकवलं नव्हतंच.

मला वाईट वाटलं. रात्री झोप लागेना. एक ओळ? सहापैकी एक?

सकाळी उठून मी उरलेली पाच नावं वाचायला घेतली, थोडी रागानेच. आणि वहीत शेजारी शेजारी सनावळ्या मांडत गेले.

फ्रान्समधलं फ्राँद नावाचं बंड १६४८ला सुरू झालं. त्याच वर्षी शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली. आफ्रिकेत अंगोलाच्या भागात पोर्तुगीजांशी जन्मभर झुंजलेली राणी न्झिंगा १६६३च्या डिसेंबरात वारली. त्याच एप्रिलमध्ये लाल महालात शायिस्तेखानाची बोटं तुटली होती. रशियात स्टेंका राझिनच्या कोसॅकांनी १६७०ला उठाव केला, ते तानाजीच्या कोंढाण्याचं वर्ष. राज्याभिषेक १६७४चा, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत मेटाकॉम नावाच्या मूळनिवासी पुढाऱ्याने इंग्रज वसाहतींविरुद्ध युद्ध पुकारलं. १६८०ला महाराज गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आजच्या न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी स्पॅनिशांना हाकललं ते बारा वर्षांसाठी.

मी वही नातीपुढे ठेवली. पस्तीस वर्षं शिकवलं, पण या सगळ्यांना मी कधी एका ओळीत उभं केलं नव्हतं. नातीने विचारलं, "सगळीकडे एकदम का?" मग आम्ही बसलो. तोफा आल्या, फौजा वाढल्या, राज्यं पसरली, त्यांना पोसायला सारा आणि वेठ वाढली, धर्मात हात घातले गेले, जमिनी गेल्या. प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं, पण वाढत्या सत्तेची झळ सगळीकडे. त्या दिवशी पोरगी दोन तास हलली नाही.

मग तिने तो प्रश्न विचारला. "पण आजी, मराठे मग स्वतःच साम्राज्य झाले ना? त्यांनी चौथ घेतली ना?" तिच्या वर्गात एक बंगाली मैत्रीण आहे. तिची आजी बाळाला निजवताना 'बर्गी' आले म्हणून अंगाई गाते. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. हे मी शिकवलंय हो, 'बंगालवरील स्वाऱ्या' म्हणून, नकाशावर बाण काढून! बाणाच्या टोकाला कुणी बाळ निजवत असेल हे मनात आलं नाही.

त्यावरून मला एक मुलगा आठवला. सत्तावन्नच्या उठावाच्या अपयशाची कारणं विचारली होती. त्याने लिहिलं होतं, "आजोबा सांगतात, त्यांच्या आजोबांना उठावाची बातमी कळलीच नव्हती." मी लाल रेघ मारली आणि शेजारी 'पुस्तकात नाही' असं लिहिलं. शून्य गुण. इथे अशाच पुराव्याचं मोल करतात, आणि मी एका आजोबांची साक्ष खोडून टाकली होती. आज तो मुलगा पन्नाशीच्या पुढे असेल. कुठे आहे ठाऊक नाही. भेटला तर तो गुण द्यायचा आहे.

नातीला चौथ सांगताना मी काही झाकलं नाही. महाराजांबद्दलचा माझा आदर त्याने तसूभर कमी झाला नाही, हेही तिला सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच वहीत मावतात.

जुलैत निकाल लागला. पाचपैकी चार! लेकीला पाच हवे होते. नात म्हणाली, "आजी, इतिहास ओके आहे." मला तेवढं पुरे.

असो. सहा नावांची ती वही मी येताना बरोबर आणली आहे. दिवाळीला याल तेव्हा दाखवीन.